डुक्कर सुटतं तेव्हा: 'फँड्री'तलं राष्ट्रगीत

नमस्कार मंडळी. राजकीय सिनेमा म्हटलं की मंत्री, मोर्चे, खुर्ची असं सगळं डोळ्यांपुढे येतं. आजच्या दृश्यात मात्र डुक्कर आहे.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', २०१३. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. शेवटाकडे जब्या या शाळकरी दलित मुलाचं अख्खं कुटुंब डुक्कर धरायला धावतंय आणि गाव मजा बघतंय. डुक्कर हाताशी येतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच थांबतो, घरचेही थांबतात. डुक्कर पसार.

इथे हसू येतं, येऊ द्या. मग हेच दृश्य आवाज बंद करून लावा. आता फक्त घामाघूम माणसं दिसतात, हातातलं काम टाकून ताठ उभी राहिलेली. आवाज परत चालू करा, त्याच उभं राहण्याला एकदम अर्थ येतो.

राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ च्या पुस्तकात राष्ट्राला 'कल्पित समुदाय' म्हटलं. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच वेळी तेच शब्द गातात आणि त्यातून 'आपण' तयार होतो, असं ते राष्ट्रगीताबद्दल म्हणतात. इथली गोम अशी की या गावात सगळे एकमेकांना चांगलं ओळखतात. जातीसकट! अनोळखी असणं ही इथे चैन आहे. पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं. तेवढा वेळ जब्या नागरिक असतो. गीत संपलं की पुन्हा डुकरामागे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता: २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. हे दृश्य ती विसंगती संवादाविना दाखवतं.

चूक कुठे होते? आपण सिनेमाचं राजकारण संवादांत शोधतो. नायकाने भाषण ठोकलं की तोच सिनेमाचा विचार, असं धरून चालतो. त्यापेक्षा कोण वाकलंय, कोण बसून बघतंय आणि कॅमेरा कोणाच्या बाजूला आहे, हे लिहून काढा.

पुढे बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ही माणसं शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई रंगवलेत. याला नुसता उपरोध म्हणून मोकळे होऊ नका. ती भिंत शाळेची आहे. म्हणजे व्यवस्थेनं भिंतीवरच्या माणसांना मान दिलाय, तोही रीतसर, रंगात. जब्या शेवटी कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावतो त्या दगडाची चर्चा सगळेच करतात. मला विचाराल तर त्या दगडाआधी ही भिंत दोनदा बघा.