शमुएल ते सामाजी

(दृश्य: मुंबईतलं मस्जिद स्टेशन, सकाळ. हातगाड्या, गोणी.)

हमालांच्या गर्दीतून वाट काढत आपण सॅम्युएल स्ट्रीटला आलो आहोत. इथलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनाघर, 'शाअर हारहमीम'. नावाचा अर्थ दयेचं दार. १७९६ साली ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. लोक या सिनेगॉगलाच 'जुनी मशीद' म्हणत, आणि मस्जिद हे स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

सामाजी म्हटलं की अस्सल मराठी नाव वाटतं. पण इंग्रजी कागदांत हेच सॅम्युएल, आणि मूळ हिब्रूत शमुएल.

हे नाव ठेवलं बायबलमधल्या हन्नानं. मूलबाळ नाही म्हणून सवत टोचून बोलायची. शिलो गावच्या मंदिरात हन्ना रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. पुजारी एलीला वाटतं, बाई दारू प्यायली आहे! पुढे मुलगा होतो. 'परमेश्वराकडे मागून घेतला', म्हणून शमुएल, असं ती म्हणते.

इथे अभ्यासक अडतात. 'मागितलेला' म्हणजे शाऊल, शमुएल नव्हे. शेम म्हणजे नाव आणि एल म्हणजे देव, म्हणून 'देवाचं नाव' ही फोड जास्त सरळ. 'देवानं ऐकलं' हा अर्थही खूप रुजला आहे. शमा म्हणजे ऐकणं. पण त्या धातूतलं शेवटचं अक्षर, आयिन, या नावात नाही.

तरी मला तो अर्थ सोडवत नाही. लहानगा शमुएल मंदिरात झोपलाय. हाक येते. तो धावत एलीकडे जातो. 'मी नाही हाक मारली, जा, झोप.' असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा एली ओळखतो, ही हाक देवाची आहे. चौथ्यांदा पोरगा म्हणतो, 'बोल, तुझा दास ऐकतो आहे.'

(दृश्य: कोकण किनारा. तेलाचा घाणा.)

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून इथले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, 'शनवार तेली' झाले. आडनावं गावांवरून पडली, नावांना 'जी' लागला. हिब्रू विसरली. उरली एकच प्रार्थना, शेमा इस्राएल. 'ऐक, हे इस्राएल.' सुंता असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची.

(दृश्य: पुन्हा सिनेगॉगचं दार.)

सामाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन, असा नवस ते बोलले होते, असं त्यांच्या समाजात सांगतात. शिलोला हन्नाही नवसच बोलली होती.