विंडोज नव्याने टाकलं आणि आवाज गायब? रिअलटेक टाकायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून जो तो लॅपटॉप फॉरमॅट मारून ११ टाकतोय, आणि मग कमेंटमध्ये येतोय की दादा सगळं चालतंय, वायफाय चालतंय, फक्त आवाज नाही. इतक्या जणांनी विचारलंय की आता एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच बोलून टाकतो.

सोपं सोपं पटकन उरकू. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या आयकॉनवर क्लिक करून आउटपुट कुठला निवडलाय ते बघा, एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला असेल तर आवाज तिकडे गेलेला असतो. म्यूट नाहीये ना ते बघा, हसू नका, निम्मे लोक इथेच सुटतात. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ऑनबोर्ड ऑडिओ चालू आहे का बघा. विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीत 'विंडोज ऑडिओ' चालू पाहिजे. झालं. एवढ्यात सुटलं तर व्हिडिओ बंद करा, जेवायला जा.

आता उरलेत ते खरे पेशंट. त्यांनी काय केलेलं असतं, नेटवरून 'रिअलटेक ऑडिओ ड्रायव्हर' (रिअलटेक ही आवाजाचे चिप बनवणारी कंपनी, आणि ड्रायव्हर म्हणजे विंडोजला तो चिप चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) शोधून कुठूनतरी डाउनलोड केलेला असतो, सेटअप शेवटपर्यंत जातो, रिस्टार्ट मागतो, रिस्टार्ट होतं, आणि आवाज? नाही. मग दुसरं व्हर्जन, मग तिसरं, मग ते 'एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट' करणारं सॉफ्टवेअर, जे आधी स्कॅन करून लालभडक आकडा दाखवतं आणि मग पैसे मागतं. त्या सॉफ्टवेअरबद्दल मला विचारू नका, माझं बीपी वाढतं. एकाने लिहिलंय की त्याने ते टाकलं तर आवाज आला नाहीच, वर टचपॅड पण गेला. मग टाकलंच कशाला?

तर आता नीट ऐका. आवाजाचा चिप, ज्याला कोडेक म्हणतात, तो रिअलटेकचा असतो, मान्य. पण तो प्रोसेसरशी थेट बोलत नाही, मध्ये एक ऑडिओ कंट्रोलर असतो. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये त्या कंट्रोलरमध्ये डीएसपी, म्हणजे फक्त आवाजाचं काम करणारा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतो, नाव आहे इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी. तो नसेल तर विंडोजला खालचा रिअलटेकचा चिप दिसतच नाही. दिसतच नाही म्हटल्यावर तुम्ही त्याचा ड्रायव्हर दहा वेळा टाका, तो लागणार कशाला? घरात मीटरच बसला नाहीये आणि आपण नवीन नवीन बल्ब आणून लावतोय.

हे डोळ्यांनी बघायचंय? स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. 'अदर डिव्हायसेस' मध्ये पिवळा त्रिकोण आणि 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असं लिहिलेलं दिसतंय? बास, सापडला चोर. डबल क्लिक केलंत तर बहुतेक कोड २८ दिसेल, म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. तिथेच डिटेल्स टॅब, खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. मोठी लांबलचक ओळ येईल, घाबरू नका, फक्त 'व्हेन' (VEN, म्हणजे व्हेंडर, बनवणारी कंपनी) च्या पुढचे चार अक्षरं-आकडे बघा. ८०८६ असेल तर इंटेल. १०ईसी असेल तर रिअलटेक. १००२ किंवा १०२२ असेल तर एएमडी. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. (८०८६ हा इंटेलच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचा नंबर, तोच त्यांनी स्वतःची ओळख म्हणून ठेवलाय, मला हे भारी वाटतं.) पिवळ्या त्रिकोणाखाली ८०८६ आणि तुम्ही टाकताय रिअलटेक. कळतंय का गंमत?

अजून पटत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच वर व्ह्यू मेनूत जाऊन 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' करा. आता सगळी यादी झाडासारखी दिसते, कोण कोणाच्या खाली लटकलंय ते कळतं. चालणाऱ्या लॅपटॉपवर इंटेलचा कंट्रोलर दिसतो आणि त्याच्या पोटात रिअलटेक. तुमच्याकडे कंट्रोलरवर पिवळा त्रिकोण आणि पोट रिकामं. वरचा लागला की खालचा आपोआप उगवतो, कधीकधी तर विंडोज अपडेट रिअलटेक स्वतःच आणून लावतं, तुम्हाला काही करावंच लागत नाही.

माझ्या मावशीचं सांगतो. ती सांगलीला असते, झूमवर गीतापठणाचा वर्ग घेते. लॅपटॉपमध्ये विंडोज नव्याने टाकून आणलं, आवाज बंद. दुकानदार म्हणाला साउंड कार्ड गेलंय, मदरबोर्ड बदलावा लागेल. आता विंडोज टाकायच्या आदल्या दिवसापर्यंत वर्ग चालू होता, आणि बरोबर विंडोज टाकतानाच कार्ड जातं? मी फोनवर म्हटलं मावशी, तुझे ते ब्लूटूथचे इअरफोन जोड. आवाज आला. म्हणजे विंडोजची ऑडिओची यंत्रणा ठणठणीत, बहुतेक फक्त ड्रायव्हरचा घोळ. मग तिला तो हार्डवेअर आयडी वाचायला लावला, ती बिचारी चष्मा लावून पहिल्यापासून 'पी, सी, आय, तिरकी रेघ' असं सगळं वाचायला लागली, मी म्हटलं अगं सगळं नको, व्हेनच्या पुढचं सांग. 'आठ, शून्य, आठ, सहा.' पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मदरबोर्डचे पैसे वाचले, मला आंब्याची पेटी आली.

कार्ड खरंच गेलंय का याची अजून पक्की खात्री हवी असेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) घ्या, इन्स्टॉल करू नका, नुसतं 'ट्राय' मध्ये चालू करा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर शाबूत, विषय संपला, मदरबोर्डवाल्याला नमस्कार करा.

मग ड्रायव्हर आणायचा कुठून? लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पेजवरून. रिअलटेकच्या साइटवरून नाही, ड्रायव्हर-बिव्हर नावाच्या साइटवरून नाही. खालचं स्टिकर बघा, पूर्ण मॉडेल नंबर किंवा सिरियल नंबर टाका, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एएमडी अशा दोन्ही जाती असतात. काही कंपन्या स्मार्ट साउंड आणि रिअलटेक एकाच पॅकेजमध्ये देतात, काही वेगळे ठेवतात, आणि वेगळा ठेवला की तो ऑडिओच्या यादीत नसून चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपच्या ड्रायव्हरच्या यादीत जाऊन बसलेला असतो. शोधा तिकडे. आधी चिपसेट आणि स्मार्ट साउंड, मग रिस्टार्ट, मग रिअलटेक. आणि रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच करा, शटडाउन करून परत चालू करू नका, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे अर्धवट झोपणं असतं, ड्रायव्हर नीट नव्याने लोड होत नाहीत.

ज्यांनी फॉरमॅट न करता वरच्या वर नवं विंडोज टाकलंय त्यांनी सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर आहे का बघा. जुने ड्रायव्हर त्यात पडलेले असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउज माय कॉम्प्युटर', आणि तो फोल्डर दाखवा, सबफोल्डरची टिक ठेवून. पण लवकर करा, साधारण १० दिवसांत विंडोज तो फोल्डर स्वतःच साफ करतं. आणि ज्यांनी अजून फॉरमॅट मारलं नाहीये त्यांनी पीएनपी-युटिल (pnputil) कमांडने सगळे ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कमांड स्क्रीनवर देतोय, ॲडमिन टर्मिनलमध्ये टाकायची.

एक काका दर व्हिडिओखाली लिहितात की विंडोज एक्सपीच्या काळात असली नाटकं नव्हती. काका, होती! २००४ मध्ये इंटेलने एचडी ऑडिओ, म्हणजे कंट्रोलर आणि कोडेक जोडायची नवी पद्धत, आणला, आणि एक्सपीवर रिअलटेकचा सेटअप चालवायच्या आधी मायक्रोसॉफ्टचा केबी ८८८१११ हा पॅच लागायचा. तो नसेल तर रिअलटेक नुसता एरर देऊन बसायचा. तेव्हाही आधी वरच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर (त्याला बस ड्रायव्हर म्हणतात), मग कोडेकचा. फक्त तेव्हा मदरबोर्डच्या सीडीत दोन्ही असायचे आणि दुकानदार गुपचूप टाकून द्यायचा, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

आणि लिनक्सवाले, ज्यांना सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसतंय, म्हणजे खरा स्पीकर सापडलेलाच नाही, तुमचंही बऱ्याचदा हेच दुखणं असतं. त्याच इंटेल डीएसपीला लिनक्समध्ये साउंड ओपन फर्मवेअर नावाचं पॅकेज लागतं. ते टाका, रिस्टार्ट करा. तरीही डमीच दिसत असेल तर मॉडेल नंबर आणि हार्डवेअर आयडी दोन्ही कमेंटमध्ये टाका, स्पीकरच्या आयकॉनचा फोटो पाठवू नका, त्यावरून मला काहीही कळत नाही.