पातं मोडतं कुठे?

(इंदूरमधल्या मराठी भटक्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, जानापाव, चोरल, पातालपाणीकडे हिंडणाऱ्या आपल्या लोकांच्या पिशवीत हल्ली जाडजूड चाकू असतो. तो घेताना दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "पोलाद किती कडक आहे?" कडकपणा हवाच, धार त्यानेच टिकते. पण घाव सोसण्याचा चिवटपणा हा वेगळा गुण, आणि एक वाढवला की बहुधा दुसरा घटतो. कानस पाहा. कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर ती ६० च्या वर असते, म्हणून लोखंड घासते. आणि फरशीवर आपटली तर तिचे दोन तुकडे होऊ शकतात. लाकूड फोडायच्या चाकूला ५६ ते ५९ पुरे, असं माझं ठाम मत आहे.

प्रयोगशाळेत चिवटपणा मोजतात तो चार्पी चाचणीने. ठरावीक मापाचा तुकडा जड लंबकाने मोडायचा आणि लंबक पलीकडे किती उंच गेला ते पाहायचं. कमी उंच गेला, तर तुकड्याने जास्त ऊर्जा खाल्ली. या कसोटीत ५१६० हे स्प्रिंगचं पोलाद, सुमारे ०.६ टक्के कार्बनचं, डी२ या हत्यारी पोलादाला सहज मागे टाकतं. डी२ मध्ये दीड टक्का कार्बन आणि बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. त्यातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि क्रोमियमच्या कडक संयुगाचे, मोठे कण धार टिकवतात, पण भेगेलाही तेच वाट देतात.

आपल्याकडे गाडिया लोहार ट्रकच्या कमानपट्ट्यांतून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांतून, कोयते, सुऱ्या घडवतात. पोलादाची ती निवड शहाणपणाची आहे. धोका एवढाच, की वर्षानुवर्षं भार झेललेल्या पट्ट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात.

पण चाकू नुसत्या पोलादावर तगत नाही. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: ४ मिलिमीटरचं पातं ५ चं केलं की तो जवळजवळ दुप्पट. आणि मोडण्याची जागा बहुतेकदा पात्याच्या मधोमध नसते. पातं मुठीत शिरतं तिथे ते एकदम अरुंद केलेलं असतं, आणि तो कोपरा काटकोनात कापलेला असेल तर सगळा ताण तिथेच साचतो. कोपऱ्याला गोलाई दिली, तर तोच चाकू कितीतरी जास्त सोसतो. खोल कोरलेलं नाव, पाठीवरचे करवतीसारखे दाते, मुठीतली मोठी भोकं या सगळ्या भेगेच्या जन्मजागा. विकत घेताना मी आधी हे बघतो, किंमत नंतर.

आता कसोटी. अभयारण्यातल्या झाडाला हात लावायचा नाही. वखारीतून बाभळीचं वाळलेलं, गाठ असलेलं लाकूड आणा. चाकू त्यावर आडवा धरून पाठीवर लाकडी सोट्याने ठोका. हातोडी नको. आधी सरळ धाग्याचं लाकूड, मग गाठ. दर टप्प्यानंतर धार उजेडात तिरकी धरून पाहा. धार दुमडली असेल तर पोलाद मऊ आहे किंवा धारेचा कोन फार बारीक. कपची उडाली असेल तर ते ठिसूळ. दुमडलेली धार रानात सावरता येते, कपची गेलेली धार घरी येऊनच घासावी लागते. शेवटी टोक लाकडात रुतवून बाजूला हलकेच रेटा द्या. डोळ्यांना चष्मा हवा, आणि समोर कुणी उभं राहू नये.

सिमेंटच्या ठोकळ्यावर चाकू आपटण्याचे व्हिडिओ पाहून निर्णय घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. तिथे कुठलीही धार जाते, आणि गाठीवर तो चाकू कसा वागेल हे त्यातून समजत नाही.

कारागिराकडून करून घेत असाल, तर त्याच पट्टीचा एक छोटा तुकडा चाकूबरोबरच तापवून तेलात विझवायला सांगा. विझवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. चाकूला नंतर २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास पुन्हा ताव द्यायचा, तुकडा मात्र तसाच शिकंजात धरून मोडायचा. मोडलेली जागा राखाडी आणि बारीक कणांची दिसली तर विझवण्याआधीचा ताव बरोबर बसला. कण चमचमीत आणि मोठे दिसले तर पोलाद जास्त तापलंय. मग तो चाकू पुन्हा भट्टीत घालायला सांगा, मूठ बसवायच्या आधीच.