नकार देणारं राज्य

मंडळी, अमेरिकेतल्या ‘शील्ड लॉ’बद्दल, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला दुसऱ्या राज्याच्या कारवाईपासून वाचवणाऱ्या ‘ढाल’ कायद्यांबद्दल बोलायचं तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे गुन्ह्याची व्याख्या मुंबईत एक आणि बंगळुरूत दुसरी, असं सहसा नसतं. तिकडे ती राज्यागणिक बदलते. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. मग न्यूयॉर्कमध्ये जो साधा उपचार, तोच लुइझियानात गुन्हा ठरला.

गर्भपाताच्या गोळ्या दोन: आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल; गरोदरपणाच्या दहा आठवड्यांपर्यंत. पहिल्या गोळीला २००० साली मान्यता मिळाली. ती समोरासमोरच द्यायची ही अट २०२१ मध्ये सुटली आणि पाकिटं टपालाने जाऊ लागली. भांडण आहे ते या पाकिटाचं.

पेशंट कुठल्याही राज्यात असो, आमच्या डॉक्टरला संरक्षण, असं आधी मॅसॅच्युसेट्सने म्हटलं, २०२३ मध्ये न्यूयॉर्कने. पण हे कायदे टेक्ससचा गर्भपातबंदीचा कायदा रद्द करत नाहीत. तो अधिकारच त्यांना नाही. ते एवढंच सांगतात की आमचे पोलीस अटक करणार नाहीत, आमची कोर्टं समन्स बजावणार नाहीत, आमची वैद्यकीय परिषद परवाना काढून घेणार नाही. थोडक्यात, सरकारी असहकार!

जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानाने न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर या गोळ्या दिल्याबद्दल आरोप ठेवले. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी तिला सोपवायला साफ नकार दिला. इथे त्यांची बाजू भक्कम आहे. गुन्हा करून राज्यातून पळालेल्याला परत द्या, असं संविधान म्हणतं. ही बाई तर पळालेलीच नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये होकल यांनी आणखी एका कायद्यावर सही केली: डॉक्टरची इच्छा असेल तर बाटलीच्या लेबलवर तिच्या नावाऐवजी दवाखान्याचं नाव छापता येतं.

टेक्ससने दिवाणी मार्ग धरला. तिथल्या कोर्टाने याच डॉक्टरला लाखभर डॉलरचा दंड ठोठावला. वसुलीचे कागद न्यूयॉर्कमधल्या अल्स्टर काउंटीत आले, तेव्हा काउंटीच्या क्लार्कने, म्हणजे कोर्टाचे कागद नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याने, ते दाखल करून घ्यायलाच नकार दिला. मला विचाराल तर ढाल इथे जरा पातळ आहे. एका राज्याच्या निकालाचा मान दुसऱ्याने राखावा, हेही संविधानातच आहे. दंडात्मक निकाल त्याला अपवाद, असा युक्तिवाद होतो खरा. पण तो सर्वोच्च न्यायालयात टिकेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

शिवाय ही ढाल राज्याच्या हद्दीपुरतीच. वॉरंट निघालेल्या डॉक्टरने टेक्ससला लग्नाला जायचं म्हटलं तरी वकिलाला विचारावं लागेल.

आणि लुइझियानाच्या त्या आरोपपत्रात डॉक्टरबरोबर पेशंटची आईही होती, गोळ्या मागवल्याच्या आरोपावरून. ती राहणारी लुइझियानाचीच. तिला अटक झाली.