सड्यावर टिकून राहण्याच्या रीती

अनुकूलनाचा विषय निघाला की उंट आणि ध्रुवीय अस्वल यांची उदाहरणे हटकून दिली जातात. आज मात्र मी आपल्यापुढे सह्याद्रीतील सड्यांविषयी, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांविषयी, बोलणार आहे. साताऱ्याजवळचे कासचे पठार, आंबोलीचे सडे, रत्नागिरी-राजापूर भागातील कमी उंचीवरचे कातळ अशा ठिकाणी जांभा खडक मैलोन्‌मैल उघडा पडलेला दिसतो आणि त्यावर मातीचा थर असलाच तर काही बोटांचा असतो. महसुली नोंदींत अशी जमीन बहुधा पडीक किंवा पोटखराब म्हणून दाखवलेली असते. जीवशास्त्राच्या दृष्टीने याहून चुकीचे वर्णन मला सुचत नाही.

सड्याची अडचण दुहेरी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे इतका पाऊस पडतो की खडकावर पाणी साचून राहते आणि मुळांना हवा मिळणे कठीण होते. आंबोलीत तर वर्षाला साधारण 7000 मिलिमीटर पाऊस होतो. पुढे तोच खडक कोरडा पडत जातो आणि मे महिन्यात त्यावर तळहात टेकवता येत नाही. म्हणजे एकाच जागी वर्षातले चार महिने पाणथळ आणि उरलेल्या काळाचा मोठा भाग जवळजवळ वाळवंट. त्यात भर म्हणजे मुसळधार पावसाने मातीतील नत्र आणि स्फुरद वाहून गेलेले असते. या तिन्ही गोष्टी एकत्र सोसणारा सजीवच येथे टिकतो.

सर्वांत सरळ मार्ग पावसाळ्यातच आयुष्य आटोपण्याचा. तेरड्याच्या काही जाती आणि गेंद पावसात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात; कोरडा काळ त्यांच्यापुरता फक्त बी सोसते. काही वनस्पती कंदाच्या रूपाने जमिनीखाली राहतात. कासच्या परिसरातील वायतुरा असाच. उथळ डबक्यात पाणी भरले की त्याची पाने आणि दोन फाट्यांचा तुरा वर येतो, आणि पाणी आटले की वरचा भाग नाहीसा होऊन खाली कंद तेवढा उरतो.

नत्राच्या टंचाईवरचा उपाय मात्र थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सडे जांभळे करून टाकणारी सीतेची आसवे आपण सर्वांनी पाहिली असतील. या वनस्पतीला खरी मुळेच नसतात. ओल्या मातीत पसरलेल्या तिच्या बारीक धाग्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहूनही लहान फुगे असतात. वनस्पती फुग्यातील पाणी सतत बाहेर काढत राहते, त्यामुळे आतला दाब कमी होऊन फुग्याच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी एक झडप असते आणि तिच्यावर ताठ केस असतात. पाण्यातील एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना लागला की झडप आत उघडते, भिंती झटक्याने फुगतात आणि पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात घडते. पाचक रसांनी शिकारीचे विघटन होते, वनस्पतीला नत्र आणि स्फुरद मिळते आणि फुगा पुन्हा सज्ज होऊ लागतो. शेजारीच उगवणारी दवबिंदू नावाची वनस्पती चिकट ग्रंथींनी कीटक धरते. गरज तीच, साधन वेगळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वनस्पतीने गरज ओळखून फुगा तयार केला, असे घडलेले नाही. असंख्य पिढ्यांत जी किंचित वेगळी रोपे या निकृष्ट मातीत अधिक बी धरू शकली, त्यांचीच संतती उरत गेली. म्हणूनच हे गुण त्या विशिष्ट टंचाईला घट्ट बांधलेले असतात.

तिसरा मार्ग मला सर्वांत विलक्षण वाटतो. काही गवते आणि नेचे कोरड्या काळाला टाळत नाहीत. ती स्वतःच वाळतात. पेशींतील बहुतेक सर्व पाणी निघून जाते, पाने आवळून तपकिरी होतात आणि वनस्पती मेल्यासारखी दिसते. पेशींमध्ये साठवलेल्या शर्करा पाण्याची जागा घेऊन प्रथिने आणि पटले सांभाळतात. पाऊस पडला की तीच पाने, नवी पालवी न फुटता, पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातून अशा 62 जातींची नोंद केली आहे.

प्राण्यांकडे वळू. आंबोलीच्या सड्यांवर राहणारा एक लहान भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) कातळाच्या भेगांत आसरा घेतो आणि खडकावरच्या अगदी उथळ पाण्यात अंडी घालतो. पाणी आटण्याआधी पिल्लांना बेडूकपण गाठावेच लागते. फेअरी श्रिम्प हा कोळंबीचा दूरचा नातलग पाठीवर उलटा पोहतो आणि काही आठवड्यांत आयुष्य पुरे करतो. त्याची अंडी जाड कवचाची असतात, आतला गर्भ वाढ थांबवून डबक्याच्या सुकलेल्या तळात उन्हाळा काढतो. पहिल्या पावसात सगळी अंडी उबत नाहीत, हे त्यातले मर्म. वळीव पडून पाणी भरले आणि चार दिवसांत पुन्हा आटले, तर उबलेली पिल्ले मरतात, परंतु न उबलेली अंडी शिल्लक असतात. शहाण्या शेतकऱ्याने सगळे बियाणे एकदम न पेरावे, तशी ही सोय आहे.

आता काळजीचा भाग. कलमांच्या बागांसाठी सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडले जातात आणि बाहेरची माती आणून भरली जाते. चिऱ्यांच्या खाणी तर सडाच उचलून नेतात. खाणीचे नुकसान डोळ्यांना दिसते. माती भरणे मात्र सुधारणा वाटते. पण खोल, कसदार माती मिळाली की उंच गवते आणि झुडपे येतात, बुटक्या सीतेच्या आसवांवर सावली धरतात आणि नत्र मिळवण्याची त्यांची सारी युक्ती निरुपयोगी ठरते. खडकाला छेद गेला की पाणी झिरपून डबकी भरतच नाहीत.

श्रोत्यांपैकी जे फुले पाहायला किंवा गावी जाताना सड्यावर जातात, त्यांना एक विनंती. उन्हाळ्यात सड्यावरचे कोरडे खळगे मोकळे मैदान समजून त्यातून गाडी नेऊ नका आणि तिथली धूळ खरवडू नका. पुढच्या पावसाळ्यातील पाण्याचे जीव त्या धुळीतच असतात.