हडळ कोण होती?

[दृश्य: आरवली, वेतोबाचं मंदिर. वाहिलेल्या चपलांचे जोड.]

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला नवसाचे भले मोठे चामडी जोड वाहतात. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्यात वहाणा झिजतात, असं गावकरी सांगतात. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. त्याला देऊळ आहे, मान आहे, सोपवलेलं कामही आहे.

पुरुषांची बाकीची भुतं पाहा. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. वासना मागे ठेवून गेलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो. तो कोणत्या जातीचा, त्याचे कोणते संस्कार झाले होते, यावरून नाव पडतं.

बाई मेली की लोक वेगळंच विचारत. नवरा होता का? बाळंत झाली होती का? अहेवपणी गेली ती जखीण. विधवा गेली ती लावसट. बाळंतपणात किंवा विटाळात गेली ती अळवंतीण, नाहीतर हडळ. गावागणिक नावं इकडची तिकडे होतात, प्रश्न मात्र तेच.

[दृश्य: संध्याकाळ, जुनी विहीर, चिंचेचं झाड.]

हडळ समोरून देखणी, पाठीमागून नुसता सांगाडा. तिचा डोळा ओल्या बाळंतिणीवर आणि तान्ह्या मुलावर, म्हणून बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवायचा. आणि बाळंतीण दगावली, तर प्रेतामागे वाटेवर राळे टाकत जायचे. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला परत येता येत नाही, अशी समजूत. राळ्याचा दाणा केवढासा! रात्र सरते, वेचणं संपत नाही.

मला ही चाल फार क्रूर वाटते. ती घरी येऊ पाहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिचं लेकरू तिथे रडत होतं. तरी वाट अडवली जायची ती तिचीच.

बाईचं रूप असलं की नुसती भीतीच, असंही नाही. पाण्याकाठच्या साती आसरांची ओटी भरतात. बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईची पूजा मांडतात. त्यांचाही धाक असतोच. पण त्या देवता. हडळ मात्र कालपर्यंत घरात वावरणारी सून होती.

[दृश्य: तमिळनाडू, रस्त्याकडेची शिळा.]

तमिळनाडूत गरोदरपणी मेलेल्या बाईच्या नावाने रस्त्याकडेला सुमैतांगी उभारत. दोन उभे दगड, त्यांवर एक आडवा. वाटसरू डोक्यावरचं ओझं तिथे टेकवून दम खातो. मरण तसंच, पण तिथे तिच्यासाठी दगड उभा राहिला.

[दृश्य: ग्रामीण रुग्णालय, प्रसूती कक्ष.]

२०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब ही त्यामागची नेहमीची कारणं. आता मातामृत्यू झाला की आरोग्य खात्याची माणसं घरी जातात. दुखणं कधी सुरू झालं, गाडी केव्हा मिळाली, उशीर कुठे झाला, हे विचारून लिहून घेतात.