डब्यावर नाव घातलंय का?

श्रोतेहो, नमस्कार. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो, त्यामागची कौत्साची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहरा त्यानं मोजून घेतल्या आणि उरलेल्या ढिगाला हात लावला नाही. सदाशिव पेठेत माझ्या घरी दर रविवारी दुपारी जे चौघं जमतात, त्यांच्यात एकही कौत्स नाही.

हे चौघं येतात डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढला. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि बोलायला तोंड, एवढं पुरतं. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आमच्याकडे गोष्ट मी चालवतो. म्हणजे राक्षस मी उभे करायचे, ते यांनी मारायचे आणि मग चौघांनी माझ्याकडे बघून विचारायचं, "काय मिळालं?"

आज बोलायचंय ते या "काय मिळालं"बद्दल. खजिन्यात द्यायचं काय?

जुन्या नियमांत सोपं होतं. सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की अनुभवाचा एक गुण. त्यामुळे ड्रॅगनशी झुंजण्यापेक्षा तो झोपलेला असताना पेटी पळवणारा शहाणा ठरायचा. २०१४ च्या आवृत्तीत गुण मिळतात ते शत्रूला हरवल्याचे. नाण्यांनी फक्त खरेदी करायची. आणि खरेदी तरी किती करणार? सगळ्यात भारी चिलखत दीड हजार मोहरांना येतं. ते एकदा अंगावर चढलं की लढवय्याचं बाजारात काही काम उरत नाही.

मला हे कळत नव्हतं तेव्हा पहिल्याच गुहेत मी दहा हजार मोहरा देऊन बसलो. पन्नास नाण्यांचा एक पौंड, असा नियम आहे. म्हणजे दहा हजारांचे दोनशे पौंड, नव्वद किलो. गव्हाची जवळजवळ दोन पोती! ती कुणी उचलायची यावर अख्खी दुपार गेली. आमच्या खेळातला चोर प्रत्यक्षात सीए आहे, तो वाटणीचा तक्ता करत बसला. म्हणून सांगतो, मोहरा थोड्या द्या. पुन्हा सांगतो, मोहरा थोड्या.

वस्तू द्यावी, आणि ती कुणाची तरी असावी. हल्ली हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे एकसारखे डबे लुटतात. घरी आल्यावर कुणाचा कुठला, काही पत्ता लागत नाही. मी आमच्या सोसायटीत हे बोललो, तर मला पुढच्या वर्षी गच्चीवर जाऊन बसायला सांगितलं. असो.

तर डब्याचीच गोष्ट. मागच्या पावसाळ्यात यांनी एका म्हाताऱ्या ड्रॅगनला लोळवलं. मी यादी वाचली. तीनशे मोहरा, जखम भरण्याच्या औषधाच्या दोन कुप्या, आणि ढीग मोठा वाटावा म्हणून शेवटी जोडून दिलं, "थोडी घरगुती भांडी, एक पितळी डबा." चोर म्हणाला, "भांडी राहू दे."

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण "पितळी" हा शब्द तिनं ऐकला.

"पितळी डबा आहे आणि टाकून निघालात? नाव घातलंय का बघा आधी. लोकांचं भांडं असेल तर परत नको द्यायला?"

चौघं गप्प. मग नाव सापडतंय का बघायला चोरानं निमूटपणे फासा टाकला. सतरा, म्हणजे सापडलं. आता मला काहीतरी सांगणं भाग होतं. समोर आईचा स्वतःचा डबा दिसत होता, मशीन येण्याआधीचा, छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेला. मी म्हटलं, "झाकण नाहीये. बुडाशी ठिपक्यांनी लिहिलंय, चि. यमुनेस, मामाकडून."

श्रोतेहो, त्या कुप्या कुणाकडे गेल्या ते आज कुणाला आठवत नाही. पुढचे पाच रविवार हे चौघं यमुनेला शोधत होते. डोंगराखालचं तिचं गाव जळालेलं. लोक पांगलेले. नावाड्याला पैसे, धर्मशाळेला पैसे, एका खोटारड्या वाटाड्यालाही पैसे, असं करत तीनशेतल्या दोनशे मोहरा गेल्या. सीए असूनही चोरानं हिशेब मागितला नाही. यमुना पलीकडच्या गावात सापडली. सत्तरी उलटलेली, नजर अधू. लढवय्यानं दीड हजारांच्या चिलखतासकट गुडघे टेकून डबा पुढे केला.

यमुना अर्थात मीच. बक्षीस म्हणून जादूची अंगठी वहीत लिहून ठेवली होती. त्यांनी आता डोळे पुसायचे, मी अंगठी द्यायची, असा बेत होता. मी हवेतल्या हवेत डबा उलटा केला, नावावरून अंगठा फिरवला. आणि गणपती झाल्यावर शेजारून परत आलेली भांडी मोजणारी आई मला आठवली.

मी म्हटलं, "झाकण कुठाय?"

चौघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुण्याबाहेर जावं. मग लढवय्या उठला आणि म्हणाला, "आणतो, आजी." अंगठी वहीतच राहिली.

त्याला आता दोन महिने झाले. शोध चालू आहे. झाकण कुठं आहे ते मला माहीत आहे, सांगायला हरकतही नव्हती. पण चौघांपैकी दोघं आत्ता रेडिओ लावून बसले आहेत. तेव्हा नमस्कार.